राजाच्या कोटाचे शिवलेले खिसे

आमचे दशरथकाका नाहूरला एका टॉवरच्या गेटवर वॉचमन आहेत आणि विक्रोळीला आमच्या चाळीच्या दशावतारात राक्षस. मी कुडाळला शाळा शिकून नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला आलो, तेव्हापासून दरवर्षी चाळीच्या पूजेला त्यांना मरताना बघतोय. मरतात झकास. पण त्यांना एकदा तरी राजा व्हायचं होतं.

अडचण कपड्यांची. मंडळाचा नियम असा की आपला वेष ज्याने त्याने आणायचा. मखमली अंगरखा मंडळातल्या एकट्या कुंडलिकरावांकडे, म्हणून राज्य त्यांचं. यंदा त्या अंगरख्यावर उंदरांनी ताव मारला. कुंडलिकराव मीटिंगमध्ये म्हणाले, "पूजेपर्यंत जो राजाला शोभेलसा वेष आणेल, तो राजा. मग मी राक्षस. नाहीतर माझं लग्नातलं जाकीट आहेच."

त्याच आठवड्यात चाळीची वज्रेश्वरीला एक दिवसाची सहल गेली. गरम कुंडात सगळे शेकून निघाले, काका मात्र येताजाता लोकांचे कपडेच न्याहाळत होते. परतीला बस मुलुंडला चहासाठी थांबली. तिथे फुटपाथवर जुन्या कपड्यांचा ढीग. काकांनी कोपरापर्यंत हात घातला आणि एक कोट ओढून काढला. डाळिंबी रंग, खांद्यावर सोनेरी झालर, पितळी बटणं.

"बघ मेल्या!" काका ओरडले. "राजा!"

"बडे होटल के दरबान का है," कपडेवाला म्हणाला. "पॉकेट सिले हुए हैं. ड्यूटी पे हाथ अंदर नहीं डालने का."

मी म्हटलं, "काका, एवढा आटापिटा करून परत वॉचमनच?"

"गप रव! मखमलीत कुंडलिक राजा होता, मग ह्या कोटात मी कित्याक नाय?"

किंमत ऐकून प्रेमाकाकी बसमध्ये जाऊन बसल्या. काकांनी कोट घेतलाच. वर तिथेच अंगात चढवला आणि विक्रोळीपर्यंत घामाघूम होत राजासारखे ताठ बसून आले. कुंडलिकरावांनी बटणं चाचपली, झालर ओढून पाहिली आणि सुस्कारा सोडून राज्य दिलं.

पूजेच्या संध्याकाळी चौकात खेळ लागला. दशावतारात पाठांतर नसतं. उभ्या उभ्या सुचेल ते बोलायचं. पेटी वाजली, काका आले, सिंहासनाच्या खुर्चीत बसले. खरं सांगतो, मलाही उठून उभं राहावंसं वाटलं.

मग राक्षस झालेले कुंडलिकराव आरोळी ठोकत आले. पाय आपटत, थेट राजासमोर.

आणि काका ताडकन उठले, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

मृदंगवाल्याचा हात हवेत थांबला. काकांच्या कपाळावरचा हात खाली येईना. माझ्या शेजारी काकी पुटपुटल्या, "लागली वाट. गेला राज्य!"

काकांनी हात हळूच खाली आणला. छाती पुढे काढली आणि दरडावून विचारलं, "कोण तू? कोणाकडे जावचा आसा?"

कुंडलिकराव गडबडले. शेवटी तोंडातून निघालं, "मी... पार्सल घेऊन आलोय."

"मगे मेन लिफ्टन जावचा नाय!" राजा गरजला. "पार्सलवाल्यांका मागची लिफ्ट! आधी रजिस्टरात नाव लिही, मगे युद्ध!"

चौक असा फुटला की पेटीवाला पेटीवर डोकं ठेवून हसायला लागला. राक्षसाने मुकाट्याने हवेत नाव लिहिलं आणि त्यानंतरच तो मेला. कुंडलिकरावांना मरता येत नाही, ते वेगळं.

खेळ संपल्यावर ते काजळ पुसत आले. "दशरथा, पुढल्या वर्षीही राजा तूच. आणि तो सलाम ठेव हां, लोक तेच बघायला येतील."

"राजा सलाम करता काय?" काका भडकले. "चुकान झाला ता!"

दुसऱ्या दिवशी काकी कात्री घेऊन बसल्या आणि त्यांनी कोटाच्या उजव्या खिशाची शिवण कचाकचा उसवली.

"पुढल्या वर्षाक," त्या म्हणाल्या, "कुंडलिक दिसलो की हात ह्याच्यात!"