कप्तानबाई आणि पुण्याचे पाहुणे

कप्तानबाई पुरुषी, दांडीची सायकल चालवत, आणि तीही नऊवारी लुगड्यात. पन्नास सालच्या आसपास कलकत्त्याच्या चौरंगी रस्त्यावरून कासोटा घातलेली चाळिशीची बाई टांग मारून निघाली की ट्रामचे कंडक्टरसुद्धा वाकून बघत. चौकातला पोलीस मात्र त्यांना ओळखून होता. "दिदिमोणि, जान, जान!" म्हणजे 'बाई, जा, जा!' म्हणत तो हातरिक्षा थोपवून धरायचा आणि बाई लाटसाहेबाच्या थाटात पुढे निघून जायच्या.

त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत आणि थोरल्या भावाकडे राहत. लग्न केलेलं नव्हतं. दर नाताळच्या सुट्टीत आम्हा मराठी घरांतल्या मुलामुलींची चार दिवसांची सायकल सहल त्या काढत, म्हणूनच त्या कप्तानबाई. सहल कलकत्त्यातल्या कलकत्त्यात, आणि मुक्काम रोज ज्याच्या त्याच्या घरी, कारण मुलींना रात्री बाहेर ठेवायला कुणाची आई तयार होणार? सकाळी धुक्यात भाड्याच्या सायकली घेऊन मैदानावर जमायचं आणि दिवेलागणीच्या आत परतायचं. तरी आम्ही अशा ऐटीत निघत असू की जणू काशीलाच चाललोय.

वाटाड्या म्हणून ही बाई अगदी कुचकामी, असं माझे वडील, अप्पा, म्हणत. व्हिक्टोरिया मेमोरियलपुढे थांबून त्या राणीबद्दल चकार शब्द काढत नसत. "इतिहास पुस्तकात आहे. पाण्याचा नळ त्या झाडामागे आहे, तेवढा लक्षात ठेवा." कुठल्या रस्त्याला सावली आहे, कुठल्या गल्लीत बैलगाड्या अडतात, हेच त्यांचं शहर. आणि एक नियम त्या रोज घोकवून घेत : "ट्रामच्या रुळाला काटकोनात भिडायचं. भीत भीत तिरकं गेलात की तो चाक धरून ठेवतो."

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते त्या नाताळात अप्पांनी माझी सहलच रद्द केली. पुण्याचा एक इंजिनियर मुलगा कामानिमित्त आत्याला घेऊन कलकत्त्याला आला होता आणि मला पाहायला येणार होता. "उन्हात रापून बसलीस तर काय दाखवायचं आम्ही?" अप्पा म्हणाले. मी दोन दिवस उशीत तोंड खुपसून रडले. सहल बुडाल्याचं दुःख होतंच, पण ज्याच्याबरोबर जन्म काढायचा तो माणूस मी मान खाली घालून, पोह्यांच्या बशीआडूनच ठरवायचा, याची मला धडकी भरली होती.

बाईंना कळलं तशा त्या घरी आल्या. "अप्पासाहेब, पाहुण्यांनाही सहलीला बोलवा. एक सायकल जास्त घेते मी."

"अहो, काहीतरीच काय? लोक काय म्हणतील!"

"पोहे खाताना माणसाचं काय दिसतं? सगळे सारखेच खातात." आत्याबाईंना घोडागाडीत बसवून मागून आणायचं ठरलं, तेव्हा कुठे अप्पांनी मान डोलावली.

पाहुणे आले. उंच, कान जरा जास्तच बाहेर आलेले. बाईंनी रुळांचा नियम सांगायला सुरुवात केली तर म्हणाले, "बाई, मी पुण्याचा. आम्ही हात सोडून चालवतो." पुण्यात सायकली मुबलक, पण ट्राम नाही, हे त्या घटकेला कुणाच्याच लक्षात आलं नाही. एस्प्लनेडच्या चौकात ते तिरके घुसले, पुढचं चाक रुळात अडकलं आणि पुण्याचा अभिमान सपशेल रस्त्यावर आडवा झाला. मागची ट्राम घंटा बडवत थांबली. "आहा रे!" करत गर्दी जमली. घोडागाडीतून आत्याबाई किंचाळल्या.

मी त्यांच्याकडे बघत होते. आता हे कुणावर डाफरतील? सायकलीवर, बाईंवर, की ट्रामवाल्यावर? ते उठले. कोपर सोललेलं, कान लालबुंद. आधी त्यांनी सायकल बाजूला घेतली, ट्रामवाल्याला हात जोडले आणि हसत हसत सरळ माझ्याकडे आले. "मला नाही जमलं. तुम्ही कसं करता, दाखवाल का?"

मी दाखवलं. ते माझ्या मागून आले, काटकोनात.

सहल संपल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. "पाहिलास?"

"पाहिला."

"मग?"

मी हसले, आणि तेवढं त्यांना पुरलं. त्या तडक अप्पांकडे गेल्या आणि आत्याबाईंसमोरच म्हणाल्या, "मुलीला मुलगा पसंत आहे."

"अगंबाई! आधी मुलाकडचा होकार यायचा असतो!"

"येईल हो तो. आमचा येऊन बसलाय, एवढंच सांगितलं."

आला होकार. लग्न होऊन आम्ही पुण्याला निघालो तेव्हा बाई हावडा स्टेशनवर आल्या होत्या. हे सामान लावत होते. खिडकीशी बाईंचा हात धरून मी इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं, "बाई, माझ्यासाठी एवढी खटपट केलीत. तुमचं का नाही हो झालं?"

त्या जराही रागावल्या नाहीत. "मला पुष्कळ जण पाहून गेले गं. मी मान खाली घालून बसायची. कुणाच्या वहाणा आठवतात, कुणाचे बूट. त्यांतला एक कुणीतरी मला आवडलाही असता. पण चेहरा एकाचाही आठवत नाही."

गाडी हलली. मला रडू आवरेना, पण मी डोळे पुसले नाहीत आणि मानही खाली घातली नाही. त्या दिसेनाशा होईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत राहिले.