कादरची साक्ष

कामशेतचा कादर शिलाई मशीन दुरुस्त करतो. मशीन नुसतं चालवलं, तरी कुठला स्क्रू ढिला झालाय ते तो आवाजावरून सांगतो. हेच कान गर्दीत त्याला छळतात. त्याला ऑटिझम आहे, हे डॉक्टरांनी चाळिशीत सांगितलं. तोवर सगळे त्याला विक्षिप्त म्हणून मोकळे होत.

वडिवळ्याच्या फाट्यावर शकुबाईंना एका मोटारीनं उडवलं, त्यांचा पाय मोडला. पाहणारे दोघेच, कादर आणि भातशेती करणारे बजरंग. गाडीचा नंबर कादरच्या डोक्यात पक्का बसला होता.

खटला उभा राहिला. कोर्टात पहिल्या तारखेला बजरंगांची अर्धी उलटतपासणी झाली आणि मग कादरला उभं केलं. पंखा खडखडत होता, बाहेर शिपाई नावं पुकारत होता, आणि मोटारवाल्याच्या वकिलांनी एका वाक्यात तीन प्रश्न विचारले. कादरनं कान झाकले, मान खाली घातली. वकील म्हणाले, साक्षीदार नजरेला नजर देत नाही, म्हणजे खोटं बोलतोय. मोटारवाला मात्र पोलिसांच्या नजरेला नजर देऊन सांगून आला होता, की गाडी त्या दिवशी गॅरेजमध्ये होती.

कादरची बहीण हसिना हिनं अर्ज दिला: पंखा बंद असावा, एका वेळी एकच सोपा प्रश्न विचारावा, उत्तराला वेळ द्यावा. अशानं कोर्टाची शिस्त राहणार नाही, अशी वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश बाईंनी अर्ज मंजूर केला.

पुढच्या तारखेला वकिलांना घाम फुटला. थोडा बंद पंख्यामुळे, बाकीचा, एकेक सोपा प्रश्न विचारायचा म्हटल्यावर विचारण्यासारखं फारसं उरलं नाही म्हणून. कादरनं जमिनीकडे पाहत नंबर सांगितला, फुटलेला डावा आरसाही सांगितला. वीस मिनिटांत साक्ष संपली.

मग राहिलेल्या उलटतपासणीसाठी बजरंग आले. पंखा पुन्हा सुरू झाला, वकिलांची लांबलचक वाक्यंही. बजरंग बाईंकडे वळले.

"बाई, मला बी त्याच्यावानीच इचारा की. मागच्या टायमाला मला कायच उमगलं न्हाई. मी आपलं व्हय व्हय म्हनलो."

बाईंनी त्यांच्या मागच्या जबाबाचा कागद उघडला. आपण गाडी पाहिलीच नव्हती, हे बजरंगांनी त्यात तीनदा कबूल केलं होतं. बाईंनी प्रत्येक प्रश्न तोडून पुन्हा विचारायला लावला.

मोटारवाल्याला शिक्षा झाली. बाईंच्या कोर्टात हल्ली कुणीही उठून सोपं विचारा म्हणतो, अशी वकिलांची तक्रार अजून आहे.

निकालानंतर शकुबाई काठी टेकत कादरच्या दुकानी आल्या. आभार मानायचं ठरवून आल्या होत्या, पण तो मशीनला कान लावून कामात होता. त्या पायरीवर बसल्या, आणि त्याचं मशीन जुळून येईपर्यंत काही बोलल्या नाहीत.