भिंतभाऊला काही लागत नसे

सावधान, सावधान! भिलाई टाउनशिपच्या सर्व सेक्टरांतील, तसेच चरोदा, जामुल आणि थेट दुर्गपर्यंतच्या समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, भिंत पडलेली नाही. पुन्हा ऐका. भिंत पडलेली नाही! नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.

ही घोषणा मी कित्येक वर्षं भर मैदानात केली आहे. सिविक सेंटरला माझं माईक-स्पीकरचं दुकान. हरवलेली पोरं, सापडलेल्या चपला, जयंतीची मिरवणूक, गणपतीचं विसर्जन, सगळ्यांना आवाज माझाच, म्हणून गावभर माझं नाव ‘भोंगा’. बॉक्सिंगचे सामने असले की रिंगला चिकटून माझं टेबल, आणि रिंगमध्ये आमचा भिंतभाऊ. त्याच्या जबड्यावर असा ठोसा बसायचा की पहिल्या रांगेतल्यांचे दात दुखावेत. डोकं गर्रकन फिरायचं, पुन्हा जागेवर यायचं, आणि भाऊ हसायचा. मग मी माईक तोंडाशी धरून वरची घोषणा द्यायचो आणि मैदान शिट्ट्यांनी भरून जायचं. सामना भाऊ बहुतेक वेळा पॉइंटवर हरलेला असायचा. ते कोणाच्या लक्षातही राहायचं नाही.

त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आणि स्टील प्लांटच्या गेटपासवर होतं. इतर कुठे त्याची गरज पडली नाही. वडील भंडाऱ्याकडून प्लांटच्या बांधकामावर आले आणि इथलेच झाले. त्यांनी विहारात पंचशील घेतलं तेव्हा दारू सोडली, आणि ती शपथ भाऊपर्यंत शाबूत पोहोचली. भाऊने उभ्या जन्मात थेंब घेतला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

‘काही नाही लागलं’ हे त्याचं ब्रीदवाक्य. स्कूटरवरून घसरला, काही नाही लागलं. पायावर पाट्याचा दगड पडला, काही नाही लागलं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात एक डोळा पुरता बंद होऊन घरी आला. वहिनी रडायला लागली, तर हा उघड्या डोळ्याने तिच्याकडे बघून म्हणतो, “कावून रडून राहिली वं? काही नाही लागलं. एका डोळ्यानं तू अजून चांगली दिसते.” वहिनी मला हे सांगताना लाजायची. पुढे पुढे सांगायची बंद झाली.

पण भाऊची खरी कीर्ती सामन्यांची नव्हती. आमच्या बॉक्सिंग क्लबात एक प्रथा पडली होती. कोणीही पोरगा मोठ्या स्पर्धेला निघाला की आधी ‘भिंतीला हात लावून’ जायचा. भाऊ हात मागे बांधून हनुवटी पुढे करायचा आणि पोरगा एक ठेवून द्यायचा. भिंतीला लावून गेला तो रिकाम्या हाताने परत येत नाही, असा लौकिक होता. ही झाली शुभशकुनाची गोष्ट. रोजचा सराव निराळाच. क्लबात धड अवस्थेतलं हेडगार्ड एकच, ते भाऊ समोरच्या पोराच्या डोक्यावर चढवायचा. “तुले परीक्षा हाये, मले नाही.” जामुलचा छोटू, सिमेंट कारखान्यातल्या कामगाराचा पोरगा, हाडांचा सांगाडा, पण उजवा हात म्हणजे घण. तो रोज संध्याकाळी भाऊवर हात साफ करायचा. छोटूने मेडलं आणली, पोलिसात साहेब झाला. भाऊ ऊर फुगवून सांगायचा, “छोटूचा उजवा हात माह्या कानशिलानं बनवला बे, भोंग्या!”

पन्नाशी यायच्या आधीच भाऊची चाल बदलली. पाय टाकायचा एकीकडे, पडायचा दुसरीकडे. जीभ जड झाली. रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचा; एक दिवस वर केबिनमध्ये बसून खालच्या माणसाला विचारू लागला, “आता काय उचलाचं होतं?” साहेबांनी भल्या मनाने त्याला खाली बसायचं काम दिलं, आणि पुढे तो घरीच बसला. मोहल्ल्याने मात्र निकाल लावून टाकला: पिऊन राहते. एका लग्नात तर मांडवातच चौकशी समिती बसली. भाऊच्या तोंडाचा वास घ्यायला जो गृहस्थ पुढे सरसावला तो स्वतः इतका चढवून आला होता की त्याला दोन पोरांनी धरलं होतं. त्याने भाऊच्या तोंडाशी नाक नेलं, डोळे मिटले आणि जाहीर केलं, “येते बे वास! पक्का येते!” मी हसून हसून खुर्चीवरून घसरलो. वहिनी ताट तसंच ठेवून उठली. भाऊला हाताला धरून मांडवाबाहेर नेताना तिने कोणाकडेच पाहिलं नाही, आणि माझं हसू तिथेच आटलं.

मग भाऊला राग येऊ लागला. ज्या माणसाने रिंगमध्ये मिळाले त्याच्या अर्धे ठोसेही कधी परत केले नाहीत, तो वरणात मीठ कमी म्हणून ताट भिरकावू लागला. किल्ली स्वतः खिशात ठेवायचा आणि वहिनीने लपवली म्हणून घर डोक्यावर घ्यायचा. एका सकाळी मी गेलो तर वहिनीचा गाल सुजलेला. भाऊ अंगणात पेरूखाली बसून स्वतःच्या हाताकडे बघत होता, जसा तो हात कोणी दुसऱ्याने त्याच्याकडे ठेवायला दिला असावा. मी वहिनीला विचारलं, तर ती पदर गालावर ओढून म्हणाली, “काही नाही लागलं, भाऊजी.”

त्या दिवशी मी ठरवलं आणि दोघांना घेऊन रायपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरने विचारलं, “डोक्याला कधी मार लागला होता?”

“कधीच नाही,” भाऊ ताठ बसून म्हणाला.

“चक्कर येऊन पडलात? बेशुद्ध झालात?”

“साहेब, मले कोणी पाडूच नाही शकलं. विचारा या भोंग्याले!”

“अहो, सांगा ना!” वहिनी कळवळली. “डॉक्टरसाहेबाले तरी खरं सांगा. लागे म्हणा. एकदा म्हणा.”

भाऊ हसला. तेच हसू, रिंगमधलं.

शेवटी सगळं मी सांगितलं. मग तपासण्या झाल्या, फोटो निघाले. मेंदू आकसत चालला होता. डॉक्टर म्हणाला, “पडला असता तर वाचला असता. पडणाऱ्याचा सामना थांबतो. हा उभा राहिला, म्हणून खातच राहिला.” डोक्याला बसलेल्या असल्या माराचा आजार वाटतो, पण शंभर टक्के खात्री जिवंतपणी होत नाही, माणूस गेल्यावर मेंदू तपासला तरच कळतं, असंही तो म्हणाला. झालेलं भरून निघायचं नाही. इथून पुढे मात्र डोक्याला टिचकीसुद्धा बसता कामा नये.

परतताना गाडीत वहिनी एवढंच बोलली. “मेल्यावर कळते म्हणे. तवा मी कोणाले सांगू, भाऊजी, का माहा माणूस पेत नव्हता?”

आणि भाऊ? दुसऱ्याच संध्याकाळी तो क्लबात हजर. घरचा रस्ता विसरला, प्लांटचा विसरला, क्लबचा विसरला नाही. वहिनीने बूट लपवले, हा चपला घालून गेला. कुलूप लावलं, कुंपणावरून गेला. नव्या पोरांसाठी तो दंतकथा होता. स्पर्धेची बस पकडण्याआधी पोरं रांगेत येऊन त्याच्या हनुवटीवर ठोसा लावून जायची. वहिनी तिथे जाऊन हात जोडून विनवायची. पोरं म्हणायची, “काकी, काका खुद बुलाते हैं. उनको कुछ नहीं होता.” मी क्लबाच्या लोकांना डॉक्टरचं बोलणं सांगितलं, तर ते म्हणाले, “अरे, तो स्वतः म्हणून राहिला की नाही लागत! त्याची तेवढीच खुशी हाये.” वहिनी मग माझ्या दुकानात येऊन स्पीकरच्या खोक्यावर बसायची. “माहं कोणी ऐकत नाही. त्याइच्या तोंडून निघालं पाहिजे, भाऊजी. लागते म्हणून. नाही तर हे पोट्टे एक दिवस मारूनच टाकतीन त्याइले.”

क्लबाने भाऊचा सत्कार ठरवला. छोटू साहेब खास आला. हॉल खच्चून भरलेला. चार कोपऱ्यांत चार स्पीकर, माझेच. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. छोटू गहिवरून म्हणाला, भाऊ नसते तर मी कोणीच नसतो. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, “सर, एक पंच का फोटो हो जाए!” पोरांनी ताल धरला: भिंत, भिंत, भिंत! छोटूने मान हलवली, मागे सरला. पण भाऊने शाल काढून खुर्चीवर टाकली, हात मागे बांधले, डुलत डुलत पुढे आला आणि हनुवटी वर केली. “मार रे छोट्या. काही नाही लागत.”

पहिल्या रांगेतून वहिनी उठली. “नको! नको म्हणलं ना!” तिचा आवाज त्या तालात बुडाला. मी मंचावर चढलो होतो, भाऊला धरायला की घोषणा द्यायला, मला अजून सांगता येत नाही. माईक हातात होता. छोटूने मूठ वळली आणि भाऊच्या कानशिलाला नुसती टेकवली, तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तशी.

भाऊचा हात कानाकडे गेला. चेहऱ्यावरचं ते जुनं हसू गळून पडलं, पुन्हा जागेवर आलं नाही. गर्दीत काहीतरी हरवल्यासारखा तो बघत राहिला, मग त्याला वहिनी दिसली, आणि तिच्याकडे बघतच तो बोलला. माईक माझ्या हातात त्याच्या तोंडाजवळच होता. चारही स्पीकरमधून हॉलभर ऐकू गेलं:

“लागते ना बे, छोट्या! तवाबी लागे.”