वरच्या मजल्यावरची खडखड

खानदेशात आजवर निघालेल्या सगळ्या मोर्चांनी मिळून केला नसेल एवढा आवाज आमच्या वरच्या मजल्यावरचे नाना एकटे करतात, तोही बसल्या जागी, बनियनवर, नुसत्या बोटांनी. हे मी मोर्चे काढणारी मुलगी म्हणून सांगते आहे. आम्ही घोषणा देऊन घसा बसवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यातसुद्धा जागा मिळत नाही. नानांनी नुसतं ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ एवढं लिहायला घेतलं तरी पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत समोरच्या घरातलं बाळ दचकून उठतं. कारण नानांचा कीबोर्ड. बदामी रंगाचा, पाट्याएवढा आणि पाट्याइतकाच जड, खाली लोखंडी पत्रा, प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग, आणि मागून जुन्या टेलिफोनसारखी गुंडाळ्यांची वायर. बटण दाबलं की एकदा वाजतं आणि सोडलं की पुन्हा एकदा वाजतं, म्हणजे तक्रार दोन्हीकडून.

नाना अमळनेरला एका तेलगिरणीच्या कचेरीत टायपिस्ट होते. आधी टाइपरायटर बडवला, मग कचेरीत कंप्युटर आले तेव्हा हा कीबोर्ड. गिरणी बंद पडली त्या दिवसांत ज्याला जे सापडेल ते तो मागून नेत होता. कुणी पंखे नेले, कुणी खुर्च्या, एका पठ्ठ्याने तर फाटकाच्या बिजागऱ्या काढून नेल्या. नाना मॅनेजरना म्हणाले, “कंप्युटर राहू द्या तुम्हाला, मला फक्त त्याच्यापुढचं द्या.” मॅनेजरना वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. अक्कांचं, म्हणजे नानांच्या बायकोचं, आजही तेच मत आहे. त्या पक्क्या अहिराणीत बोलतात आणि नवऱ्याविषयी बोलताना त्यांची अहिराणी जास्तच पक्की होते. “लोके गिरनीमाईन तेलना डबा लयनात,” त्या मला दर भेटीत सांगतात, “आनि आमना ह्या हाई खटारं लयनात!”

नानांकडे कंप्युटर आजही नाही. लेकीने घेऊन दिलेला मोबाइल आहे. कीबोर्डच्या जुन्या गोल पिनेला एक जोड, त्या जोडाला दुसरा जोड आणि शेवटी मोबाइल, असं सगळं जुंपून मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवायचा. म्हैस दाव्याला बांधावी आणि दाव्याचं दुसरं टोक उंदराने धरावं, तसं ते दिसतं. त्यातून हा कीबोर्ड मोबाइलची बॅटरी ढेकणासारखा पितो. तरी मोबाइलच्या काचेवर बोट फिरवून लिहायला नाना तयार नाहीत. त्याला ते ‘भिंतीवर मुंगी चिरडणं’ म्हणतात. बोलून लिहायची सोय असते हे मी एकदा दाखवलं, तर म्हणाले, “मी बोलू आणि त्याने लिहायचं? मग मी जेवायला पण दुसऱ्याला बसवतो.” आमच्या गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. वरून खडखड सुरू झाली की खालच्या सगळ्या बायका फोन हातात घेऊन बसतात, नाना काहीतरी लिहितायत. एकदा नळाला पाणी कधी येणार यावर चर्चा चालली होती आणि वरून अशी काही बरसात सुरू झाली की आम्हाला वाटलं, नाना थेट धरणाचा इतिहास लिहितायत. बऱ्याच वेळाने ग्रुपवर उमटलं: ‘हो.’ मी वर जाऊन विचारलं. नाना म्हणाले, “बाकीचं लिहून झाल्यावर वाचलं. त्यात काही दम नव्हता. खोडलं.”

उन्हाळ्यात गच्चीवर अक्कांच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत असतात आणि शेजारी जुन्या साडीवर नानांची बटणं. ते सगळी बटणं उपटून चाळणीत धुतात आणि ओळीने उन्हात मांडतात, अक्षरं वर करून. एकदा कावळा आला. बिबड्या सोडून त्याने नेमकं एंटरचं बटण उचलून नेलं. अक्का हसून हसून जिन्यात बसल्या. कावळालेसुद्धा हाई खटारंच आवडनं, म्हणाल्या. नानांनी सुताराकडून सागवानाचं नवं बटण करून घेतलं. ते दाबलं की गल्लीत कुणीतरी दार वाजवल्यासारखं होतं, आणि नवे भाडेकरू पहिल्या महिन्यात हमखास “कोण?” म्हणून ओरडतात.

लेक सोनगीरला दिलेली, तर तिच्याकडे जातानाही कीबोर्ड बरोबर. गोधडीच्या कापडाची शिवलेली पिशवी, ती मांडीवर. धुळ्याच्या स्टँडवर एकदा कंडक्टर म्हणाला, “बाबा, पेटी वर ठेवा.” शेजारी कुणी भजनी मंडळातले गृहस्थ होते, त्यांनी विचारलं, कुठल्या पट्टीतली आहे. नानांनी पिशवी उघडून दाखवलं आणि म्हणाले, “याला सूर नाही, नुसता ताल आहे.” मग चालत्या गाडीत तो तालही ऐकवला. मागच्या बाकावरून फर्माईश आली, “बाबा, एखादी गवळण येऊ द्या!” ही गोष्ट नाना इतक्या अभिमानाने सांगतात, जणू गाडी त्यांच्यासाठीच सोडली होती.

आणि या माणसाविरुद्ध आमच्या गल्लीतल्या चार शहाण्यांनी सह्या गोळा केल्या! विषय काय, तर ध्वनिप्रदूषण. लग्नसराईत इथे डीजे लागतो तेव्हा माझ्या खिडकीच्या काचा थरथरतात, ओट्यावरची भांडी सरकतात, तेव्हा यांतला एकही मायेचा पूत सही करत नाही, उलट खाली उतरून नाचतो. एका म्हाताऱ्याने दुपारी दोन ओळी लिहिल्या की यांचा कान दुखतो. मी तडक उत्तराचं पत्रक लिहिलं आणि ते टाइप करायला नानांकडेच घेऊन गेले. नानांनी वाचलं, नीट घडी घातली आणि खिशात ठेवलं. “माझ्यावरचं पत्रक मीच कसं टाइप करू? आपणच आपल्याला ओवाळायचं का?” शेवटी पत्रक निघालंच नाही आणि सह्या गोळा करणारे पुढच्याच आठवड्यात मुलाचा बायोडेटा टाइप करून घ्यायला वर आले. नानांनी दिला करून. मी असते तर दिला नसता.

माझी बाकीची पत्रकं मात्र नानाच टाइप करत. फुकट, पण अटीवर. त्या बटणांना जोर लागतो, म्हणून ते प्रत्येक शब्दाची चौकशी करत. मी सांगायची, “लिहा नाना: झोपलेल्या, निगरगट्ट, निर्लज्ज प्रशासनाचा तीव्र जाहीर धिक्कार!” नाना हात वर घेऊन बसत.

“यातलं एक काहीतरी ठरव, पोरी.”

“तिन्ही आहेत नाना ते!”

“झोपलेला निर्लज्ज कसा? झोपेत तर सगळ्यांचंच धोतर सुटतं.”

आमची सगळ्यात मोठी लढाई भाजीबाजारातल्या कुलपाची. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलेलं आहे. फरशी आहे, नळ आहे, बाहेर गुलाबी रंग आहे, त्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र आहे आणि दाराला हे एवढं कुलूप आहे. रिबन कापली, फोटो काढले आणि कुलूप लावलं. आत जंतुनाशक पावडरची पोती आणि मिरवणुकीचे मोडके बांबू. कुठल्या खात्याचं ते लिहीत नाही. खातं कुठलंही असो, कुलूप सारखंच असतं. समोर दिवसभर बसणाऱ्या मेथीवाल्या मावशींना मी विचारलं होतं, एवढ्या उन्हात तुमच्याजवळ पाण्याचा तांब्या कसा नाही. त्या माझ्याकडे, मी शाळेत नापास झाल्यासारखं बघून म्हणाल्या, “पानी पिसू ते जासू कोठे, माय?” पहाटे घरून निघायचं आणि अंधार पडेपर्यंत घोटभर पाणी प्यायचं नाही. जळगावच्या मे महिन्यात! मूतखड्याने दोनदा दवाखाना झाला होता त्यांचा. दरवेळी आम्ही त्या खात्याच्या साहेबांकडे जायचो, साहेब चहा मागवायचे आणि म्हणायचे, “लवकरच उघडतो.” दरवेळी आम्ही टाळ्या वाजवून परत.

एका खेपेला मी नानांना बरोबर नेलं. कारण साधं होतं; मागण्यांचा मसुदा तिथल्या तिथे बदलावा लागला तर टाइप करायला माणूस हवा. नाना म्हणाले, “मी चळवळीत नाही हं. मी फक्त टाइप करतो.” साहेबांच्या टेबलाच्या बाजूला एक खुर्ची होती, नानांनी तीवर बसून मांडीवर कीबोर्ड घेतला, मोबाइल पेनस्टँडला टेकवला. मी आणि मावशी समोर. साहेबांनी सुरुवात केली, “हे बघा ताई, प्रशासन सकारात्मक आहे...” आणि बाजूने खडखडखडखड! साहेब थबकले. खडखडही थबकली.

“हे काय करताय?” साहेबांनी विचारलं.

“तुम्ही बोलताय ते,” नाना म्हणाले.

साहेबांनी खुर्ची सरळ केली. “तर आम्ही लवकरच...” खडखड. साहेब थांबले. आणि इथे नानांनी काय केलं, तर दोन्ही हात कीबोर्डच्या वर अधांतरी धरले आणि पुढच्या शब्दाची वाट बघत साहेबांच्या तोंडाकडे पाहत राहिले. रागाने नाही. वाढणाऱ्याच्या हातातल्या वाटीकडे पंगतीतला माणूस बघतो ना, तसे. खोलीत पंख्याशिवाय आवाज नाही. साहेबांनी त्या लोंबकळत्या बोटांकडे पाहिलं, घाम पुसला. “लवकरच म्हणजे... सोमवारी.” खडखड. हात पुन्हा वर. “सकाळी,” साहेब म्हणाले. खडखड. हात वर. “किल्ली बाजारातच राहील. झाडायला बाई ठेवू.” आणि नानांनी सागवानी बटणावर असा काही आंगठा हाणला की दारावरचा शिपाई “साहेब?” म्हणत आत आला.

बाहेर पडल्यावर मी हवेत होते. लेखी पुरावा! शब्दन्‌शब्द! “नाना, चला, आधी प्रिंट काढू.”

“कशाची?” नाना म्हणाले. “फोन तर आत बसल्या बसल्याच गेला. बॅटरी पिऊन टाकली याने.”

मी भर रस्त्यात थांबले. “मग इतका वेळ तुम्ही काय टाइप करत होता?”

“ते बोलत होते तेच की. मान वर होती माझी, फोन कोण बघतं? शेवटी पाहिलं तर काळा.” आणि अपराधी तोंड करून म्हणाले, “चुका नव्हत्या हं पण त्यात.”

मी इतकी भडकले की रिक्षात नानांशी बोलले नाही. हातात कागद नाही, पुरावा नाही, आता हा साहेब सोमवारी ओळखणारसुद्धा नाही, असं मी मावशींना ऐकवत होते. मावशी मात्र शांत होत्या. “तो भ्याना शे,” त्या म्हणाल्या. “मी त्यानं तोंड दखं.”

सोमवारी सकाळी शिपाई किल्ली घेऊन आला. पोती निघाली, बांबू निघाले, नळाला पाणी आलं. मी भाषण करणार होते, पण तोवर बायकांची रांग लागली होती आणि भाषण ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. मावशी आत जाऊन आल्या, शेजारणीचा तांब्या उचलला आणि उभ्या उभ्या तोंड न लावता सगळा रिकामा केला. हनुवटीवरून पाणी गळ्यात उतरलं तरी थांबल्या नाहीत. नाना पलीकडे वांग्यांच्या ढिगात मान घालून उभे होते, वर बघत नव्हते. मी फोटो काढायला मोबाइल उचलला तर म्हणाले, “राहू दे. बाईमाणूस पाणी पितंय.” मी मोबाइल खाली ठेवला. तेव्हापासून मावशींच्या टोपलीशेजारी त्यांचा स्वतःचा पितळी तांब्या असायचा.

गेल्या दिवाळीपासून वरचा मजला बंद आहे. नानांच्या बोटांची पेरं सुजली, डॉक्टरांनी त्या बटणांना हात लावायची बंदी केली आणि लेक दोघांना सोनगीरला घेऊन गेली. गंमत बघा, सोनगीरला तांबटांची ठोकठोक दिवसभर चालू असते. तिथे नानांची खडखड कुणाच्या कानावरही आली नसती. सह्या गोळा करणारे आता मला विचारतात, नाना कसे आहेत, गल्ली फार शांत वाटते.

तिकडे साहेब बदलले. नवे आले आणि महिन्याभरात कुलूपही परत आलं. कारण काय, तर झाडायला माणूस नाही. मी लॅपटॉप घेऊन गेले. नवा आहे, पातळ आहे, बटणं लोण्यासारखी. साहेब बोलत होते, मी टिपत होते, एक शब्द सुटला नाही. ते माझ्याकडे बघत, चहा ढवळत, अगदी आरामात म्हणाले, “लवकरच.” मी तेही टिपलं. मग मी हात वर धरून पाहिले. साहेबांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. टाइप करत होते हेच कुठे त्यांना ऐकू आलं होतं!

काल सोनगीरला फोन लावला. अक्कांनी उचलला. “बरा शेतस माय. बोटे सुजेल शेतस, पन तोंड बरं शे.” मग नाना आले. मी सगळं सांगितलं. मागे तांब्यावर हातोडी पडत होती.

“टाइप नाही होणार गं आता,” नाना म्हणाले. “चमचा धरवत नाही धड. एखादं बटण वाजवीन कसंतरी. पण मग हात वर धरून बसेन की मी. तेवढं जमतं.”

मागून अक्का ओरडल्या, “हात वर धरीसन बठाले इतला लांब कोन्ही जास का?”

मी म्हणायला हवं होतं, नको नाना, आराम करा. सोनगीरहून धुळे, धुळ्याहून जळगाव, दोन एसट्या, त्यात ते सुजलेले हात. पण मी सकाळीच बाजारातून आले होते. मावशींच्या टोपलीजवळ तांब्या नव्हता.

“या नाना,” मी म्हटलं. “स्टँडवर घ्यायला येते. पिशवी मी उचलते.”