बाहेर असलेल्या बोटीची नोंद

एकाच मशीनवर अनेक जण काम करत असले की ते आपल्या मर्जीने बंद करता येत नाही. नोकरीला लागल्यावर मी पहिली गोष्ट शिकले ती ही, आणि पुढे इतरांना ती इतकी वर्षं बजावत आले की आता मला नुसतं दारात पाहिलं तरी बंदरावरची माणसं विचारतात, "मॅडम, बाहेर पडू काय?"

मिरकरवाडा बंदरावर मच्छीमारांची एक संस्था आहे, तिचा सर्व्हर मी सांभाळते. बोटींना समुद्रात जायचं टोकन देणारी खिडकी, डिझेलचा पंप, बर्फाचा कारखाना आणि लिलावाची शेड, या सगळ्या ठिकाणचे संगणक माझ्या खोलीतल्या मशीनला जोडलेले आहेत. कुणी कुठेही बोट टेकवलं तरी लिहिलं जातं ते माझ्याकडे. त्यामुळे बंद करायचं तर आधी नव्याने कुणी आत येणार नाही याची सोय करायची, मग सगळ्यांच्या स्क्रीनवर निरोप पाठवायचा की हातातलं काम पुरं करा आणि बाहेर पडा. आणि मग थांबायचं. हे थांबणंच लोकांना जमत नाही. निरोप गेला म्हणजे माणूस उठला असं नसतं. तो चहाला गेलेला असतो आणि त्याची अर्धी नोंद तशीच उघडी असते. अशा वेळी जबरदस्तीने मशीन बंद केलं तर ती नोंद अर्धीच राहते, शिवाय जाताना शेजारच्या चांगल्या नोंदीही खराब करते.

म्हणून मी निरोपावर विसंबत नाही. प्रत्येक ठिकाणी फोन करते, आणि समोरचा 'बाहेर आलो' म्हणेपर्यंत पुढची आज्ञा देत नाही. कुणी टंगळमंगळ केली तर फाडफाड बोलते. माझ्या नाकावर राग असतो असं ऑफिसात म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर समुद्रात वादळ झालं. इशारा आधी आला होता, त्यामुळे बोटी भराभर बंदरात परतत होत्या. टोकनच्या खिडकीवरचा क्लार्क एकेक बोट आत घेत होता. आमच्याकडे बोट समुद्रात निघाली की तिच्या नावाची एक ओळ उघडते आणि तिच्यापुढे 'बाहेर' असं दिसत राहतं. ती परत आली की ओळ बंद होते. दुपारपर्यंत सगळ्या ओळी बंद झाल्या, एक सोडून.

ती एक छोटी होडी होती. खलाशी सणासाठी गावी गेला होता म्हणून तिचा मालक एकटाच गेला होता, जवळच जाळं टाकून येतो म्हणाला होता. त्याची बायको जेटीवर मासे विकायची. मी तिला वहिनी म्हणायची, ती मला बाय. बाजार केव्हाच उठला होता, पण ती टोकनच्या खिडकीच्या आत, क्लार्कच्या मागच्या बाकावर बसून होती. डोळे स्क्रीनवर. डोक्यावर मासळीची टोपली तशीच.

त्यात उधाणाची भरती. पाणी रस्ता ओलांडून जनरेटरच्या खोलीत शिरलं आणि जनरेटर बंद पडला. बाहेरची वीज सकाळपासूनच लपंडाव खेळत होती. उरला तो बॅटऱ्यांचा भरवसा, आणि त्या ठेवलेल्या जमिनीलगत. अध्यक्षांचा फोन आला, मशीन बंद करा. मी तर त्याआधीच निरोप पाठवला होता. पंपावरून आवाज आला, बाहेर आलो. बर्फाच्या कारखान्यातून आला. लिलावाच्या शेडमध्ये कुणी नव्हतंच. टोकनच्या खिडकीतून क्लार्क खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्हीच या. या बाई मला उठू देत नाहीत."

मी गेले ती रागातच गेले. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, जीव बॅटऱ्यांपाशी टांगलेला.

"वहिनी, मशीन बंद करायचंय. पाणी आत येतंय."

"बोट बाहेर हाय."

"बोटीचा आणि मशीनचा काय संबंध? शोध वायरलेसवरून चाललाय. त्याला हे मशीन लागत नाही."

"हितं लिवलंय तो बाहेर हाय म्हनून," ती म्हणाली. "बंद केलास तर तो बाहेर हाय ह्ये कोनाला म्हाईत?"

माझ्या तोंडावर आलं होतं की अहो, सगळ्या बंदराला माहीत आहे. पण मी ते बोलले नाही, कारण तिच्या बोलण्यात चुकीचं काय आहे ते मला त्या क्षणी सापडेना. मी ज्यांना फोन करत होते त्या सगळ्यांची कामं पुरी झाली होती. हिचं झालं नव्हतं. आणि अर्धं काम हातात असलेल्या माणसाला ओढून बाहेर काढायचं नाही, हा नियम तर माझाच होता.

मी तिच्या शेजारी बाकावर बसले. पाणी येत होतं तरी बसले. म्हटलं, "वहिनी, ऐका. वीज अचानक गेली तर ही ओळ पुसली जाईल. तसं होऊ नये म्हणूनच मी नीट बंद करतेय. नीट बंद केलं तर पुन्हा सुरू करताना ही ओळ जशीच्या तशी दिसेल. मी तुम्हाला बोलावून दाखवीन."

"तुज्या हातानं लावशील?"

"माझ्याच हाताने."

तिने टोपली डोक्यावरून उतरवून मांडीवर घेतली. आणि म्हणाली, "कर मग."

क्लार्क बाहेर पडला. मी खोलीत येऊन आज्ञा दिली. मशीन आपल्याकडचं सगळं डिस्कवर लिहून काढतं, एकेक दार लावून घेतं आणि मगच विझतं. एरवी मी त्या वेळात पाणी पिऊन येते. त्या दिवशी उभी राहून शेवटची ओळ येईपर्यंत वाचत राहिले. मग आम्ही सगळ्यांनी मिळून बॅटऱ्या टेबलांवर चढवल्या.

वादळ ओसरलं, वीज आली, खोलीतला चिखल निघाला, तेव्हा मी तिला बोलावलं. मी मशीन सुरू केलं. ओलाव्याने डिस्क गेली असेल तर मी तिला काय सांगणार होते? सुरू झाल्यावर ते आधी आपलं सगळं तपासून पाहतं. मग टोकनची यादी उघडली. ओळ होती. तिच्यापुढे 'बाहेर' होतं. ओळ पाहून मला आधी हायसं वाटलं, आणि मग आपण कशाने सुखावलो ते कळलं. तिने स्क्रीनच्या काचेवर हात ठेवला, काढला, आणि बाजाराला गेली.

होडी आली नाही. पुढे आरे-वारेच्या किनाऱ्यावर तिची एक फळी लागली, निळ्या रंगाची, त्यावर त्यानेच रंगवलेली पांढरी रेघ. तो मात्र मिळाला नाही. सरकारी कागद जे व्हायचे ते यथावकाश झाले, वहिनीने त्यांवर सह्याही केल्या. आमच्या टोकनच्या यादीतली ती ओळ मात्र उघडीच राहिली. न परतलेल्या बोटीची ओळ बंद करायला घरच्या माणसाने खिडकीवर येऊन सांगावं लागतं, आणि वहिनी आली नाही. संस्थेच्या बैठकीत एकाने विषय काढला की यादीत एक बोट कायमची बाहेर दिसते, बरं दिसत नाही. मी म्हटलं, नियम आहे. माझ्याशी नियमावर वाद घालायला सहसा कुणी धजत नाही.

मशीन अधूनमधून बंद करून पुन्हा सुरू करावंच लागतं. वादळानंतर पहिल्यांदा ती वेळ आली तेव्हा सगळीकडे फोन करून झाले, आज्ञा द्यायला हात पुढे केला, आणि तसाच थांबला. मी तिच्या घरी फोन लावला.

"वहिनी, दुपारी थोडा वेळ मशीन बंद ठेवतेय."

"कर, बाय."

सुरू झाल्यावर पुन्हा लावला. "सुरू झालं."

"हाय ना?"

"आहे."

एवढंच. पुढे दर वेळी एवढंच. तब्येत कशी आहे, मुलगी पालीला दिली ती काय म्हणते, यातलं काही ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. जेटीवर भेटलो की मात्र ती मला बांगडा जास्तच घालायची, आणि मी नको म्हटलं तर खवळायची. वहिनीला करायचा तो फोन पुढे क्लार्कच्याही अंगवळणी पडला. मी रजेवर असले की तो स्वतःच करायचा.

यंदा नवी सिस्टीम आली. जुन्या मशीनवरचं सगळं तिच्यात न्यायचं होतं, पण ती उघड्या ओळी घेत नव्हती. जी फेरी संपली तीच पुढे जाणार. न संपलेली मागेच राहणार, आणि जुनं मशीन आता बंद झालं की पुन्हा लागणार नव्हतं. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी तिच्या घरी गेले. तिने सगळं ऐकून घेतलं, चहा केला, मग पदर खोचून म्हणाली, "चल, येतंय मी."

ती त्याच बाकावर बसली. मी क्लार्कला उठवून स्वतः खिडकीवर बसले. ओळ बंद करायची तर तीनच पर्याय होते, ते मी तिला वाचून दाखवले. परत आली. दुसऱ्या बंदरात लागली. बुडाली. कागदोपत्री खरं काय ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, आणि ती तेच सांगेल असं मी धरून चालले होते.

"दुसऱ्या बंदरात लागली, असं लिव," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत मी एकही खोटी नोंद केली नव्हती, कुणाला करू दिली नव्हती. खिडकीवरच्या एका पोराने मागची वेळ टाकून बोट आत आल्याची नोंद केली म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. मी ती नोंद केली. पुढची चौकट उघडली. बंदराचं नाव लिहिल्याशिवाय मशीन पुढे जात नव्हतं.

"कुठलं बंदर लिहू, वहिनी?"

"दाभोळ," ती लगेच म्हणाली. "तितलाच तो. आई हाय त्याची तितं."

त्याची आई तो लहान असतानाच गेली होती, हे बंदरावर सगळ्यांना माहीत होतं. मी दाभोळ लिहिलं. ओळ बंद झाली.

मग तिला घेऊन माझ्या खोलीत आले आणि नेहमीचं सगळं केलं. नवीन कुणाला आत घेणं थांबवलं, निरोप पाठवला, पंपाला विचारलं, कारखान्याला विचारलं, शेडला विचारलं. सगळे बाहेर आले होते. मशीनने एकेक दार लावून घेतलं आणि ते विझलं. मी सवयीने फोन उचलून तिचा नंबर लावायला घेतला. ती माझ्यासमोरच बसली होती.