कोर्लईच्या किल्ल्यावर आबा

आमच्या ह्यांची नोकरी लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये होती तेव्हा आम्ही रेल्वेच्या चाळीत राहत होतो. सासूबाई वारल्यावर माझे सासरे, म्हणजे आबा, भाजे गावाहून आमच्याकडे राहायला आले. गावची शेती थोरले दीर बघत. आबांना चाळीत करमत नसे. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते गाव विचारत, तेवढाच त्यांचा विरंगुळा.

शेजारच्या खोलीत एक ख्रिस्ती कुटुंब राहायला आलं. नवरा ह्यांच्याच शेडमध्ये फिटर, बायको माझ्या वयाची, हसऱ्या तोंडाची. आमचं लगेच जमलं. ती माझ्याशी मराठीत बोले, पण आपल्या मुलीशी वेगळ्याच भाषेत. आबांना वाटलं इंग्रजी असणार. त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली की ही तिच्या गावची बोली. गाव कोर्लई, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे. तिथल्या किल्ल्यात पोर्तुगीज होते. ते गेले, त्यांच्या भाषेचं जे उरलं ते गावाने ठेवलं.

“म्हंजी फिरंग्याचा किल्ला?” आबा सरसावून बसले. “समुद्राकडला?”

ती हो म्हणाली आणि आबा उठून आत गेले. मला कारण ठाऊक होतं. आमच्या घराण्यातला एक पुरुष पेशव्यांच्या फौजेबरोबर घाट उतरून फिरंग्यांवर गेला तो परत आलाच नाही. कुठे पडला, कसा पडला, कुणालाच माहीत नव्हतं. ‘खाली, फिरंग्याच्या किल्ल्यावर’ एवढंच पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले. पितृपक्षात त्याच्या नावाचं पान आम्ही वेगळं वाढायचो.

दोन दिवस आबांनी तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना ह्यांना म्हणाले, “मला तितं जाऊन यायचंय.” ह्यांनी समजावून पाहिलं. वय झालंय, उतरायचं ते घर ओळखीचं नाही, समुद्र कधी पाहिलेला नाही. आबांनी ऐकून घेतलं आणि धोतरं धुवायला काढली.

दिवाळीनंतर शेजारीण माहेरी निघाली तेव्हा आबा आणि मी तिच्याबरोबर गेलो. मुंबईहून लाँच, मग सर्व्हिस मोटार, शेवटी खाडी ओलांडायला होडी. लाँचमध्ये आबा कठडा धरून सगळा वेळ उभे होते. मला वाटलं घाबरलेत. विचारलं तर म्हणाले, “एवढं पाणी आन्‌ प्यायला एक घोट न्हाई, लय इचित्र.”

शेजारणीचे वडील आबांच्याच वयाचे होते, मासेमारी सोडून नारळाची वाडी राखणारे. आम्ही कशासाठी आलोय हे मुलीने आधीच कळवलेलं होतं. मला मनातून धाकधूक होती. ज्यांच्यावर आमचा माणूस चालून गेला त्यांच्याच दारात आम्ही उभे होतो. पण त्यांनी आधी पाय धुवायला पाणी दिलं, मग जेवायला बसवलं, आणि सकाळी उन्हाच्या आत वर जाऊ म्हणाले.

किल्ला समुद्रात घुसलेल्या डोंगरावर आहे, लांबट आणि अरुंद. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. एक दरवाजा ओलांडला की पुढे दुसरा. लोहगड-विसापूर पायाखाली घातलेले आबा प्रत्येक भिंतीला हात लावून बघत होते. दरवाजावर परक्या अक्षरांचा दगड होता. छप्पर गेलेल्या देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, शेजारणीच्या वडिलांनी क्रुसाची खूण केली. आबांनीही बाहेर वहाणा काढल्या.

तिथेच सावलीला बसून त्यांनी आबांना सगळं सांगितलं. चौलचा मुलूख फिरंग्यांचा, त्याच्या खालचा अहमदनगरच्या निजामशाहाचा, आणि ही खाडी म्हणजे दोघांची सरहद्द. हा डोंगर ज्याच्याकडे त्याची खाडी, म्हणून फिरंग्यांनी तो लढून घेतला आणि असा बांधून काढला. पुढे मराठे आले. वेढे पडले, दोन्हीकडची माणसं मेली. पण शेवटी किल्ला पडला नाही, तह होऊन हवाली झाला. अंमलदार जहाजात बसून गेले. वर राबणारे गरीब लोक कुठे जाणार? ते डोंगर उतरून पायथ्याशी राहिले. तेच हे गाव.

आबांनी मग हळूच विचारलं, “आमचा मानूस हितंच पडला आसंल का वो?”

खोटं सांगणं शेजारणीच्या वडिलांच्या जिवावर आलं असावं. “ते कुणाला माहीत, आबा. पण मेलाच असं तरी कशावरून? नंतर कितीतरी वर्षं किल्ल्यावर तुमचीच माणसं होती. रानात पाणी होतं, खाली मासळी होती. राहिलाही असेल.”

हे आबांच्या कधी मनातच आलं नव्हतं. बराच वेळ ते खाली कोळ्यांच्या होड्या बघत राहिले, मग एकदम हसले. “व्हय की. घाट चढायचा कटाळा आला आसंल त्याला.” दोघे म्हातारे मग एकमेकांना धरून उतरले. मी आणि शेजारीण मागून गप्पा मारत चाललो. इतकं हलकं मला लग्नानंतर क्वचितच वाटलं असेल.

पुढच्या सुगीला तिचे वडील लोणावळ्याला आले तेव्हा आबा त्यांना भाज्याला घेऊन गेले. थंडीने पाहुण्यांचे दात वाजत होते, पण आबांनी त्यांना लोहगडाच्या पायऱ्यांपर्यंत नेलंच. परतताना पाहुण्यांनी आमच्या आंबेमोहर भाताचं बी मागून घेतलं. खाऱ्या जमिनीत ते धड उगवलं नाही. रोपं वीतभर झाली आणि पिवळी पडली, असा निरोप शेजारणीने आणला. आबांनी दुसऱ्या वर्षी बी दिलं नाही, कांडून तयार तांदूळच पोतंभर पाठवला.