उत्तरपूजेचा सल्ला

“दुसरं भूमिपूजन करू नका,” मी म्हटलं. शंकरअण्णांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

धारवाडला सुभाष रोडवरच्या पक्ष कार्यालयात आम्ही दोघंच होतो. अण्णा पक्षाचे तालुकाध्यक्ष, पक्ष विरोधात. माझा धंदा निवडणुकांचे सर्व्हे करण्याचा. अळणावरकडचं एक गाव पिढ्यान्‌पिढ्या यांचं, ते गेल्या खेपेला फिरलं. असा हातचा बूथ, म्हणजे मतदान केंद्र, का गेला ते मला शोधायचं होतं. अण्णांचा तोडगा मात्र आधीच तयार होता. सत्तेत असताना नारळ फोडून तसाच राहिलेला दवाखाना, त्याचं पुन्हा भूमिपूजन, मोठा मंडप, ‘सत्ता येताच बांधू’.

मी गावात जाऊन आलो होतो. सगळे गोड बोलले. गोड बोलणारा मतदारच सर्व्हेवाल्याला गंडवतो. लक्ष्मणअप्पा तेवढे गोड बोलले नाहीत. दवाखान्याला जागा त्यांनीच दिली होती, तीही नुसत्या शब्दावर. आजूबाजूला भात डोलत होतं आणि मधल्या तुकड्यावर गवत माजलं होतं.

“पेरत का नाही अप्पा?”

“पूजा झाल्या की री तिथं. पुजलेल्या जागंत नांगर कसा घालू? बांधा, न्हाईतर सोडा म्हणावं. देवाला ताटकळत ठेवलंय, आन् मला बी.”

त्या बांधावर उभ्याउभ्या मला आमच्या साऱ्या धंद्याचाच राग आला.

हे ऐकून अण्णा म्हणाले, “मग मी काय करू? सरकार कुठं आमचं आहे?”

“सरकार लागतच नाही. उत्तरपूजा करा, देवाला निरोप द्या आणि जमीन मोकळी करून द्या.”

“म्हणजे जमलं नाही असं गावासमोर कबूल करू?”

“गावाला ते ठाऊक आहे. अण्णा, अमरगोळच्या मार्केट यार्डात तुमची अडत आहे. सौदा फिसकटला तर शेतकऱ्याचा माल अडकवून ठेवता का?”

“छे हो! दुसऱ्या दिवशी दारात कोण उभं राहील?”

एवढं बोलून अण्णांनी मंडपवाल्याला फोन लावला.

मंडप रद्द झाला. पेरणीआधीचा मुहूर्त धरला. कार्यकर्त्यांनी तरी झेंडे आणलेच, ते अण्णांनी जीपमध्येच ठेवायला लावले. भटजींनी उत्तरपूजा सांगितली, अण्णांनी अक्षता वाहिल्या आणि कोनशिला चौघांनी उचलून बांधाला लावली. भाषण पाठ केलेलं होतं, ते बाजूला ठेवून अण्णा म्हणाले,

“अप्पा, आमच्याकडून झालं नाही. तुमची जमीन तुम्हाला.”

अप्पांनी बैल जुंपूनच ठेवले होते. नांगराचं पहिलं तास निघालं. पण पुढारी तो पुढारीच, अण्णांना राहवेना.

“आता मत आम्हालाच ना अप्पा?”

“आधी भात तर येऊ दे की अण्णा.”

पुढच्या निवडणुकीत तो बूथ आला नाही. अण्णा माझ्यावर चिडले, आणि चिडायचा हक्क त्यांना होता. घेतलेलं परत केलं म्हणून गेलेलं लगेच परत येतं, असं मीही धरून चाललो होतो.

सुगी झाल्यावर अप्पांचा फोन आला. “त्या तुकड्यातलं भात शिजवलंय. अण्णांना घेऊन जेवायला या. मताचं तेवढं काढू नका म्हणावं.”

अण्णा गेले, पोटभर जेवले आणि मताचं एक अक्षर बोलले नाहीत.